तलावातली साक्ष

भिकन त्या संध्याकाळी घमेलं आणायला निघाला होता, एवढंच. हसू नका रे, कंदील जरा इकडे सरकवा आणि ऐका. मी खत-बियाण्यातला माणूस, भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. पण हे मला छगननं सांगितलं, आणि छगन तेव्हा बांधावर राखणीला होता.

सत्त्याऐंशीचं साल. आपला हा पारोळ्याकडचा तलाव तेव्हा नावालाच तलाव होता. काठाला बेशरमीची झुडपं माजलेली, पाण्यावर जलपर्णी, आणि गाळ इतका की बगळासुद्धा उतरेना. त्या उन्हाळ्यात रोजगार हमीवर तो उपसायला घेतला. भिकन मुकादम. गाड्या भरभरून गाळ शेतांत गेला आणि तलावाचा तळ दिसू लागला.

खोदताना मधोमध मातीचा एक खांब तसाच ठेवतात. किती खोल गेलो ते साहेबाला मापता यावं म्हणून. त्याला साक्ष म्हणतात. माप झालं की पाडायची. आपली साक्ष नऊ वर्षांच्या पोरीएवढी होती.

नऊ वर्षांची म्हणतो, कारण भिकनची बहीण लीला गेली तेव्हा तेवढीच होती. कैक वर्षांपूर्वी याच तलावात शिंगाडे काढायला उतरली, जलपर्णीत पाय अडकला. प्रेत मिळालंच नाही. तेव्हापासून तिची आई रुक्माबाई रात्री दाराला कडी लावायची नाही. पोर आली तर, म्हणून. भिकननं मुकादमी घेतली ती त्याचसाठी. एक बांगडी तरी सापडावी आणि मायनं कडी लावून झोपावं. मला त्याचं आजही वाईट वाटतं. सगळा तलाव उपसला, काहीच मिळालं नाही.

मृग लागायच्या आधीचा दिवस, शनिवार. अंधार पडला आणि वरच्या अंगाला विजा चमकू लागल्या. रात्रीत तलाव भरणार हे दिसतच होतं.

"माय, घमेलं तठेच ऱ्हायनं. लई येस." घेऊन येतो म्हणून तो निघाला.

रुक्माबाई त्याला ओळखून होती. "तिले ऱ्हाऊ दे तठे, भिकन," एवढंच म्हणाली.

बांधावर छगननं हटकलं. "काय करी ऱ्हायना तू?"

"बठ्ठा तलाव खंदी टाका. एवढंच बाकी शे." सगळा तलाव खणून झाला होता, राहिली होती ती साक्ष.

साक्षीजवळ कंदील ठेवून त्यानं कुदळ उचलली. धप्प... धप्प... छगन वरून ऐकत होता. मग मधेच दुसरा आवाज येऊ लागला. बारीक. नखांनी माती कोरल्यासारखा. साक्षीच्या आतून.

भिकन थांबला. तो आवाज थांबला नाही.

"भिकन, वर ये. नाल्याले पाणी उनं."

नाल्यात आलेल्या पाण्याकडे न बघता भिकननं साक्षीला कान लावला.

मग पोरीचा आवाज. अगदी सहज.

"भाऊ... उना का तू?"

भिकननं कुदळ खाली ठेवली. दोन्ही हात मातीत घातले. कोपरापर्यंत... खांद्यापर्यंत.

मग त्यानं हात ओढले. एकदा. पुन्हा...

हात निघेनात.

पाणी आलं.

सकाळी तलाव काठोकाठ. कितीतरी वर्षांनी बगळे उतरले होते. पोहणारे उतरले, गळ टाकले. भिकन सापडला नाही. रुक्माबाई काठावर आलीच नाही. त्या रात्रीपासून मात्र ती दाराला कडी लावू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा मी इथंच उभा होतो. मातीचा खांब वर्षभर पाण्यात टिकत नाही, विरघळतो.

मधोमध दोन साक्षी उभ्या होत्या. एक जुनीच, पोरीएवढी. दुसरी पुरुषभर उंच, तिला खेटून.