हात खाली करू नका

यॉट भाड्याने घ्यायचं खूळ माझंच. दादा पन्नाशीचा होत होता. आई-वडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, शिकवलं, आणि स्वतःच्या हौसेला कायम कात्री लावली. समुद्राचं त्याला भारी वेड. तेव्हा दोन दिवस का होईना, त्याला राजासारखं मिरवायचं, असं ठरवून मी एका दुपारी धक्क्याजवळच्या एजंटबाईंचं ऑफिस गाठलं. मला कोणी गंडवू नये म्हणून दादाही आला.

बाईंनी गोड हसून फोटो दाखवले. लाकडी डेक, पांढरेशुभ्र सोफे, झोपायच्या खोल्या आपल्या घरापेक्षा मोठ्या. मी भाड्याचा आकडा पाहिला आणि म्हटलं, बरं आहे की, जमेल.

"ताई, हे नुसतं यॉटचं भाडं," बाई म्हणाल्या. "इंधन, खाणंपिणं, बंदराचे पैसे वेगळे. त्यासाठी आगाऊ रक्कम घेतो, उरली तर परत. शिवाय अनामत. साधा ओरखडा आला तरी त्यातून कापून घेतात. आणि कॅप्टन, खलाशी हवे असतील तर त्यांचा पगार, वर बक्षिसी."

"म्हणजे भाडं भरून धक्क्यावरच बसायचं. हलली की खिसा रिकामा," दादा म्हणाला. "कॅप्टन राहू द्या. माझ्याकडे परवाना आहे."

"मग आमचा माणूस आधी समुद्रात तुमची परीक्षा घेईल. तो हो म्हणाला तरच किल्ल्या तुमच्या. नाहीतर कॅप्टन घ्यावाच लागतो, तुमच्या खर्चाने."

"घेऊ दे. या आमच्या ठमीसारखा मी परीक्षेला रडत नाही," दादा म्हणाला. ठमी म्हणजे मी. बाई हसल्या, मीही हसले, आणि पैसे भरले.

ठरल्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा एक उंच माणूस आधीच डेकवर उभा होता. डोक्यावर जुनी टोपी, चेहरा सुजल्यासारखा, हातात यॉटच्या किल्ल्या. परीक्षा घ्यायला आलेला हाच, असं आम्ही धरून चाललो. विचारायचं सुचलंच नाही. तो फक्त "चला" म्हणाला.

दादाने झोकात यॉट बाहेर काढली. थोड्याच वेळात धुकं उतरलं आणि किनारा पुसला गेला. इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती. त्या माणसाच्या अंगाला कधीच न उघडलेल्या पाण्याच्या टाकीसारखा वास येत होता. मी दोन पावलं लांब सरकले.

"आता माणूस पाण्यात पडल्याचा सराव," तो म्हणाला. धक्क्यावर आपटू नये म्हणून यॉटच्या कडेला नारिंगी रबरी गोळे लटकवतात, त्यातला एक त्याने सोडवून घेतला. मग माझ्याकडे वळला. "तुम्ही कठड्यापाशी उभं राहून या गोळ्याकडे हात दाखवायचा. यॉट कशीही फिरली तरी हात खाली करू नका. समुद्रात नजर हटली की माणूस गेला."

त्याने गोळा फेकला. दादाने यॉट वळवायला घेतली. मी हात लांब करून उभी. गोळा लाटेवर वरखाली होत होता. धुक्याचा एक लोट मधून गेला, पलीकडचं पुन्हा दिसायला लागलं, आणि माझ्या हातासमोर जे होतं ते नारिंगी नव्हतं.

ते डोकं होतं. केस कपाळाला चिकटलेले. तोंड उघडत होतं आणि पाण्याने भरत होतं.

"ठमे..."

आवाज दादाचा होता. माझी पाचावर धारण बसली.

"दिसतंय ना गं?" मागून दादाने विचारलं. तोच आवाज.

"दादा... तू कुठे आहेस?"

"इथेच की. सुकाणूपाशी. का?"

"ठमे, मागे बघू नकोस..." पाण्यातला म्हणाला. "हात खाली करू नकोस... मी बुडेन गं..."

मागे खरंच दादा आहे का, हे बघायचं तर वळावं लागणार होतं. आणि पाण्यातला खरा असेल, तर वळले की संपलं. मी हात खाली आणला नाही. तेवढ्यात फोन वाजला. डाव्या हाताने कानाला लावला. एजंटबाई होत्या.

"ताई, आहात कुठे? आमचा माणूस केव्हाचा धक्क्यावर वाट बघतोय."

मग आमच्याबरोबर कोण आहे? मी गर्रकन वळले.

तो टोपीवाला कुठेच नव्हता. सुकाणूपाशी एकटा दादा, कोरड्या शर्टात, हसत. मी परत पाण्याकडे पाहिलं. तिथे नारिंगी गोळा स्वतःभोवती फिरत होता.

"सापडला," म्हणत दादाने आकडीने तो वर ओढला.

धक्क्यावर खरा परीक्षक भेटला, गोलमटोल आणि बडबड्या. त्याने दादाला झकास पास केलं. मी पोट दुखतंय सांगून सहल रद्द केली. दादाने का म्हणूनही विचारलं नाही. घरी तो जेवतो, हसतो, कामावर जातो. मी रात्री माझ्या खोलीला आतून कडी लावते. ज्याने मला वाढवलं त्याचीच मला भीती वाटते.

परवा एजंटबाईंचा फोन आला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, रागावू नका... त्या यॉटच्या वायरलेसवर कोणीतरी सारखं 'ठमे, हात वर कर' म्हणतं. गिऱ्हाइकं घाबरतात हो..."

मी खूप रडले. मग जाऊन तीच यॉट ठरवली. भाडं, इंधन, अनामत, या वेळी कॅप्टनसुद्धा. त्याला एवढंच सांगितलं, धुक्यात फिरवत राहा, मी कठड्यापाशी हात वर करून उभी राहणार आहे. कितीही वेळ लागू दे. या खेपेला मी वळणार नाही.

उद्या निघायचं आहे. घरात मी चकार शब्द काढलेला नाही. तरी आज संध्याकाळी दाराशी एक भरलेली बॅग दिसली.

"तुझीच आहे," दादा आतून म्हणाला. "म्हटलं, तुझी घाई नको व्हायला."

मी चेन उघडली. आत माझे कपडे नीट घड्या घालून ठेवले होते. सगळे खाऱ्या पाण्याने ओलेचिंब.