हळव्या ओळीवर हेमराज

रिक्षा हळदीच्या मिरवणुकीमागे अडकली आणि वृषालीला चक्क आपलंच गाणं ऐकू आलं.

जळगावच्या त्या गल्लीत डीजेच्या गाडीवरून तिचा आवाज घुमत होता — गेल्याच आठवड्यात आलेलं तिचं पहिलं स्वतःचं गाणं! त्यासाठी तिनं धुळ्याचा ऑर्केस्ट्रा सोडला होता. "एकटीला कोण ऐकणार?" म्हणून मालक दात काढून हसला होता. आता अख्खी गल्ली तिच्या गाण्यावर नाचत होती. तिचे डोळे भरून आले... तोच सगळ्यात हळव्या ओळीवर, गाण्याच्या आतूनच, कुणीतरी खेकसलं, "डीजे हेमराज, जामनेर!"

वृषालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा गाडीवर चढली आणि तिनं लॅपटॉप खाडकन मिटला.

"गानं काबर बंद कयं वं?" नवरदेवाची मावशी खालून ओरडली.

"हेमराज कोण?"

"मी." गालाला हळद फासलेला एक तरुण गडबडून उभा राहिला. "तुम्ही... वृषाली? देवपूरच्या?"

"माझ्या गाण्यात तुझं नाव कुणाला विचारून घुसवलंस?"

"सगळेच डीजे घालतात हो. नाहीतर दुसरा मिक्स पळवतो."

"आणि तू काय केलंस? राखण?"

त्यानं लॅपटॉप पुन्हा उघडला.

"नावाशिवाय वाजव."

"तसं... नुसता ताल आहे माझ्याकडे."

"मग ताल वाजव. माइक दे इकडे!"

ती गायली. आवाजात राग होताच. हळवी ओळ आली तसा त्यानं ताल अलगद खाली आणला, तिच्या श्वासापुरती जागा मोकळी केली. ओरडायला काही सापडेना, म्हणून ती आणखीच चिडली.

"आखो म्हन वं, पोरी!" मावशी डोळे पुसत पुन्हा गायचा आग्रह करत होती.

हेमराजनं माइक घेतला. "आवाज — वृषाली, देवपूर, धुळे." स्वतःचं नाव त्यानं घेतलंच नाही.

"त्याच ओळीवर का रे घातलंस?" तिनं दरडावलं.

"ती ऐकता ऐकता प्रेमातच पडलो..." त्याचे कान लाल झाले. "वाटलं, या आवाजाशेजारी आपलं नाव असावं. चुकलं माझं. आजच ते मिक्स सगळीकडून काढतो."

वृषालीनं त्याच्या हातातला माइक हिसकावून घेतला.

"राग गेला?" त्यानं भीत भीत विचारलं.

"कसला जातोय!" ती त्याच्यावर उखडली. "तू आवडलास मला, आता त्याचाच जास्त राग येतोय."