दुप्पट थांबून येणारा फोन

"बायकांना काय, रिंग वाजली की भूतच दिसतं," बूट काढता काढता जगदीश पुटपुटला.

क्षमाला ते ऐकू गेलं. तिने चपलांमध्ये त्याच्या बुटांना जागा तेवढी करून दिली.

पटो न पटो, हे घडलेलं आहे. जर्मनीतलं वाल्डॉर्फ. डिसेंबर २००४.

तिचा नवरा केतन नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात, धुक्यात, तिथल्या हायवेवर, आउटोबानवर, अपघातात गेला. सहा वर्षांच्या उर्जाला मात्र सांगितलं होतं, बाबा लांब कामाला गेलाय. सगळेच तसं सांगत होते. जगदीशसुद्धा.

आणि मग फोन यायला लागले...

संध्याकाळी पाच चाळीसला. केतन याच वेळी "निघालो गं" म्हणायचा.

नंबरही त्याच्याच ऑफिसातल्या टेबलाचा.

उचलला की... काहीच नाही.

श्वास नाही. खरखर नाही. नुसती वाट बघणारी शांतता.

क्षमा एक अक्षर बोलायची नाही. बोललं आणि फोन यायचाच थांबला तर?

"ते टेबल रिकामं केलंय, वहिनी. फोनसुद्धा काढून नेला," जगदीश म्हणाला. तो ऑफिसात केतनच्या शेजारीच बसायचा.

तिने फोनच्या दिवसांवर खुणा केलेलं भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुढे ठेवलं. आठ नोव्हेंबर. नऊ. अकरा. पंधरा. तेवीस. नऊ डिसेंबर.

जगदीशने मधलं अंतर बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं...

"एक, दोन, चार, आठ, सोळा. वहिनी, हे तर केतनचं काम."

"म्हणजे?"

"नेटवर्कचा कोड. निरोप पाठवला की टायमर लावायचा. उत्तर आलं की टायमर काढायचा. नाही आलं, तर दुप्पट थांबून पुन्हा पाठवायचा. असे हजारो टायमर एका वेळी. केतन म्हणायचा, लावणं सोपं रे, वेळेवर काढून टाकणं ही खरी कला. नाहीतर मशीन बिचारं उगाच राबत बसतं."

"आणि उत्तर कधीच नाही आलं तर?"

"आल्झो, म्हणजे... काही वेळा विचारतं. मग समोरचं कनेक्शन..." तो अडखळला. "चहा टाका ना, वहिनी."

पुढचे बत्तीस दिवस. म्हणजे दहा जानेवारी.

त्या दिवशी क्षमा कामावरून लवकर आली. केस विंचरले. कशासाठी, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

पाच चाळीस...

ती ओले हात पुसत धावली, तोवर उर्जाने फोन उचलला होता.

"जा?"

पोर ऐकत राहिली. मान हलवत राहिली.

"जा... जा, बाबा."

क्षमाने हात पुढे केला. पोरीचं ते जर्मन 'हो'. पण पलीकडच्या कानाने मराठी ऐकलं असेल तर?

"उर्जा, दे इकडे!"

उर्जाने रिसीव्हर दोन्ही हातांनी छातीशी धरला. मग परत तोंडाशी नेला. घरात कितीही मराठीत विचारलं तरी जर्मनमध्येच उत्तर देणारी ती, एकेक शब्द शोधत मराठीत म्हणाली,

"बाबा, तू मेलायस. आई सांगत नाही, म्हणून मी सांगते."