बेचाळीस उंच टेबलं

तिनं त्याला उद्देशून काढलेले पहिले शब्द होते, “हात वर करा!”

प्रेमाची सुरुवात अशी पोलिसी थाटात व्हावी असं कुणी मुद्दाम ठरवत नाही. पण त्या दिवशी ती कावली होती. औषधांवर संशोधन करणाऱ्या कंपनीची नवी प्रयोगशाळा उभी राहायची होती. तोवर रसायनवाले एका इमारतीत, जीवशास्त्रवाले दुसरीत, आणि गोळ्या बनवून बघणारे पार तिसऱ्या टोकाला बसत. आता सगळे एका छताखाली येणार होते. ते छत, त्याखालच्या भिंती, टेबलं, नळ, सगळं कागदावर उतरवायचं काम तिचं. साइटवर तिला नकाशाबाई म्हणत. बांधकामाआधी प्लायवुडची एक खोटी खोली करायची आणि तिच्यात खरा माणूस उभा करून मापं घ्यायची, ही तिची पद्धत. सुतारकाकांनी खोली केली होती, पण माणसाचा पत्ता नव्हता. तेवढ्यात दारातून एक उंचच उंच इसम वाकून आत डोकावला. बाहेर भुरभुर चालू होती, आणि त्याच्या चष्म्यावर सगळं पाणीच पाणी.

“कँटीन हेच का?”

“नाही. पण या. हात वर करा.”

त्यानं निमूट हात वर केले. ते थेट छताच्या प्लायवुडला टेकले.

“चोरी काय केलीय, तेवढं कळू द्या.”

“कोपरं वाकवा... बाप रे! तुम्ही तर माझ्या टेबलांची वाटच लावणार.”

“टेबलांनी माझी लावलीय,” तो म्हणाला. “सहा वर्षं नव्वद सेंटिमीटरच्या टेबलावर वाकून पाठीचं पार धनुष्य झालंय.”

तो रसायनवाला होता. मित्र त्याला लंबू म्हणत. तिनं टेप त्याच्या कोपराखाली धरली, आकडा वाचला, आणि तो लिहून घेताना तिची पेन्सिल उगाचच दोनदा पडली. सुतारकाका दुसरीकडे बघून खिळे मोजत बसले.

मग तो रोज येऊ लागला.

“आज काय काम काढलंत?”

“माप. कालपासून उंची बदलली असली तर? आपलं खात्री केलेली बरी.”

“आणि बदलली नसली तर?”

“तर उद्या परत बघू...”

त्यालाच त्या एका छताचं भारी कौतुक होतं. वर रेणू बनवायचा, दहा पावलांवर तो पेशींवर बघायचा, जिना उतरून त्याची गोळी करायची, असं तो हातवारे करत सांगायचा आणि ती बघत राहायची, कारण त्याचे ते लांब हात बोलताना फार छान दिसत. खिडकीजवळचं कोपऱ्यातलं टेबल तिनं त्याच्यासाठी वेगळं काढलं. उंची सत्त्याण्णव सेंटिमीटर. नळ डावीकडे, कारण तो डावखुरा होता. अहोजाहोचं अगंतुगं कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. बोलायचं तेवढं राहिलं. इमारत उभी राहू दे, त्या टेबलाशी उभं राहूनच सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

इमारत उभी राहिली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात भिंतींना रंग लागत होता आणि पलीकडच्या जुन्या इमारतीत, जिथली हवा ओढणारी यंत्रं कधीच धड चालत नसत, तो एका नव्या औषधाच्या पावडरीवर काम करता करता कोसळला. घसा सुजला, श्वास अडकला. जीव वाचला, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ही पावडर शरीरानं वैरी ठरवलीय. तिचा कण जरी हवेत असला तरी त्या जागी पुन्हा पाऊल टाकायचं नाही. आणि नव्या इमारतीत ती पावडर येणार होती. सगळं एका छताखाली, त्यामुळे त्याला वेगळा असा एकही कोपरा उरला नव्हता.

ती दर रविवारी त्याच्या घरी जायची. त्याची आई दार उघडायची आणि नकारार्थी मान हलवायची. तो भिंतीकडे तोंड करून बसलेला असे. एकदा तो म्हणाला, “येऊ नकोस. दयेनं आणलेली फळं मला गोड लागत नाहीत.” तिनं पिशवी त्याच्या आईच्या हातात दिली आणि निघाली. पुढे कळलं की, कंपनीनं त्याला दूरच्या शहरात कागद तपासायचं काम दिलंय. शनिवारी संध्याकाळची गाडी.

शनिवारी सकाळी तिनं त्याला फोन केला. “आज ये. दुपारी रसायनांचा ट्रक आत यायचाय, ती पावडरही त्यातच. तोवर इमारत कोरी आहे... तुला चालेल.”

तो आला. खूप वाळला होता. कोपऱ्यातल्या टेबलाशी उभा राहिला, दोन्ही हात टेकले. पाठ ताठ होती. डावीकडचा नळ त्यानं सोडला, बंद केला, परत सोडला. मग शेजारच्या टेबलाशी गेला. मग पुढच्या. मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

“अगं, ही सगळीच माझ्या मापाची आहेत!”

“बेचाळीसच्या बेचाळीस,” ती म्हणाली. “काल आली. साहेबांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. उद्यापासून सुतारकाका सगळ्यांचे पाय सात सेंटिमीटर कापणार.”

“अशी कशी चूक झाली?”

तिनं नकाशा उलगडला. “सगळ्या टेबलांचा नकाशा नव्यानं काढायचा होता. घाईत जी फाईल हाताशी आली, तिच्यावरूनच उतरवला. आणि माझ्या हाताशी तुझीच फाईल असायची. रोज उघडायचे मी ती. काम नसलं तरी.” तिनं नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “खालची तारीख बघ.”

त्यानं बघितलं. फेब्रुवारी. तो आजारी पडायच्या आठ महिने आधीची.

“तेव्हा तू धडधाकट होतास. तेव्हा कुठली दया रे? माझं प्रेम होतं तुझ्यावर. आहे.”

तो मोठ्यांदा हसला, किती महिन्यांनी! आणि हसता हसताच टेबलावर डोकं टेकून रडू लागला. तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. तिच्या खिशातला फोन वाजला. गेटवरून पहारेकरी होता. ट्रक लवकर आला होता, तिच्या सहीशिवाय आत सोडता येत नव्हता.

“अर्धा तास थांबवा,” ती म्हणाली.

“माझंही होतं,” तो डोकं न उचलता पुटपुटला. “पहिल्याच दिवसापासून. कँटीन कुठे आहे ते मला ठाऊक होतं.”

“मी येते तुझ्याबरोबर. हे सोडते सगळं.”

“नको.”

“का?”

“आता साधी काचेची बाटली दिसली तरी मी तोंड फिरवतो. तुझ्याकडे बघितलं की हीच इमारत दिसेल. रोज तुझ्याशी भांडेन मी.”

“भांड की.”

“नको गं. वाटलं होतं, तुझी दयाच असेल, तर जाणं सोपं जाईल. आता तेही गेलं.” त्यानं तिचा हात गालाला लावून धरला. “ही इमारत मी विसरलो, की मीच येऊन तुला विचारेन.”

“विसरशील?”

त्यानं टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. “नाही,” म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

फोन परत वाजला. ती त्याला दारापर्यंत पोचवायला गेली. उंबऱ्यावर तो थांबला. “माझंही टेबल काप. एवढ्या उंचीवर कुणाचेही खांदे भरून येतील.” मग तो मागच्या गेटाकडे चालत गेला, नेहमीसारखा थोडा वाकून. ट्रक लांब आहे, वारा उलटा आहे, हे तिनं दोनदा बघून घेतलं. तो रस्त्याच्या वळणावर दिसेनासा झाल्यावरच तिनं सही केली.

दुसऱ्या दिवशी सुतारकाकांनी पहिलं टेबल कापलं. कोपऱ्यातलंच घेतलं, तिनं सांगितलं म्हणून. भुसा झाडून ते उभे राहिले आणि टेप काढली.

“साधारण उंचीचं माणूस हवंय मापाला,” ते म्हणाले. “तुम्हीच या बाई. उभ्या राहा अशा. हं, हात वर करा.”

ती टेबलाशी जाऊन उभी राहिली. काका टेप धरून थांबले. पण तिचे हात काही केल्या वर होईनात.