पंचावन्न किलो जास्त

काटेकोरचं खरं नाव त्याच्या नोकरीच्या कागदांवर होतं आणि तिथेच राहिलं होतं. भुईकाटे, म्हणजे ज्यांच्यावर आख्खा ट्रक चढवून तोलतात ते, खरं बोलतात की खोटं हे तपासणं त्याचं काम. तेवीस वर्षांत त्याने एकाही काट्यावर आंधळा विश्वास ठेवला नव्हता, माणसांवर तर नाहीच. खोकल्याचं औषधसुद्धा तो प्रकाशाकडे धरून मापायचा. मोठी बहीण म्हणायची, "पी बाबा आता, तोवर खोकला बरा होईल."

त्याची रोजची गाडी राखाडी, छोटी, जुनी घेतलेली. काच वर करताना तळहाताचा टेकू द्यावा लागे आणि दुसऱ्या गिअरची जरा मनधरणी करावी लागे. अकरा वर्षांपूर्वी घेतली त्याच आठवड्यात त्याने ती काट्यावर चढवली होती. कंपनीच्या पुस्तकात वजन सातशे चाळीस, काट्यावर भरलं सातशे पंचाण्णव. आधीच्या मालकाने खालून जाड पत्रा मारला असेल, असं म्हणून त्याने पुस्तकातला आकडा खोडला, सातशे पंचाण्णव लिहिलं आणि विषय मिटवला. आधी आहे ते शून्य धरायचं आणि मग पुढचं तोलायचं, ही त्या धंद्याची रीतच आहे.

गाडीला एक खोड होती. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावला नाही, तर ती टिंग टिंग करत राही. दोन मिस्त्रींनी हात टेकले. मग काटेकोरनेच सवय लावून घेतली. रोज सकाळी शेजारचं दार उघडायचं, डबा खाली ठेवायचा, पट्टा लावायचा, आणि स्टिअरिंगवर बसून म्हणायचं, "चला, निघू या." एकट्या माणसाने कुणाला चला म्हणायचं, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

ताई मात्र कायम मागे बसे. शेजारी त्याला तिचा ड्रायव्हर म्हणून चिडवत. "पुढे बस की," तो म्हणायचा. "मागेच बरी आहे मी," ती म्हणायची, आणि खिडकीबाहेर बघायची.

त्याचा शाळेपासूनचा मित्र दातांचा डॉक्टर. सगळे त्याला दातवाला म्हणत. त्याच्या पिवळ्या गाडीत मूळ गाडीचं आता नंबरप्लेटशिवाय काही उरलं नव्हतं. टर्बो बसवला, सायलेन्सर बदलला, वजन कमी करायला मागची सीट काढली, एसी काढला, दारांच्या आतलं अस्तरसुद्धा काढलं. गाडीला तो तळहातावरच्या फोडासारखं जपे. शेवटी बायकोच्या संयमाचा बांध फुटला. "तीन वर्षं शर्यत शर्यत ऐकतेय. या रविवारी डोंगरावर गाडी धावली तर ठीक. नाही तर सोमवारी विकायची." दातवाल्याने शब्द दिला होता. शर्यतीच्या त्याच्या गटाला अट एकच: गाडी नऊशे किलोच्या आत हवी, आणि तपासलेल्या काट्याची चिठ्ठी शुक्रवारी पाचपर्यंत पोचायला हवी.

शुक्रवारी सकाळी तो काटेकोरच्या दारात आला. "माझ्याकडे पाचपर्यंत अकरा तोंडं उघडी बसणार आहेत. तू माझी घेऊन जा आणि चिठ्ठी आण. मी आज तुझी वापरतो. आठशे ऐंशी भरेल, मी हिशेब केलाय."

"हिशेब मी करतो," काटेकोर म्हणाला. "तू दात उपट."

त्याने पिवळ्या गाडीचं शेजारचं दार उघडलं, डबा खाली ठेवला, पट्टा लावला, स्टिअरिंगवर बसला आणि म्हणाला, "चला, निघू या."

रोजच्या गाडीत अॅक्सिलरेटर दाबला की ती विचार करायची आणि बहुधा नको म्हणायची. हीसुद्धा आधी विचार करायची, पण मग अशी काही सुटायची की चष्मा नाकावरून कपाळावर. प्रत्येक गिअरला ती मोठ्याने शिंकायची. पहिल्या चौकात काटेकोर घाबरला, दुसऱ्या चौकात चिडला, आणि रिकाम्या बाह्य रस्त्याला लागल्यावर त्याने, कुणी बघत नाही हे बघून, पाय पूर्ण खाली दाबला. पाठ सीटला चिकटली. झाडं पुसली गेली. आणि गाडीत कुणीतरी खुदकन हसलं.

आपणच हसलो असणार, असं तो धरून चालला. पण आरशात बघितलं तर ओठ घट्ट मिटलेले होते.

दिवसाची बाकी कामं उरकून दुपारी तो पोचला तेव्हा भुईकाट्यावर गर्दी नव्हती. मोकळं आवार, मध्ये जमिनीत बसवलेला लोखंडी पाट, बाजूला खिडकी असलेली खोली. काटेकोरने गाडी पाटावर लावली, डबा बाहेर काढला, उतरून दार लावलं. खिडकीतून काटेवाला म्हणाला, "नऊशे पस्तीस, साहेब."

"परत बघ."

"नऊशे पस्तीसच आहे."

गाडी बाजूला घेऊन त्याने तिथली वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं पाटाच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून बघितली. काटा हरिश्चंद्राचा अवतार होता. मग त्याने जॅक काढला, पाने काढले, पायाखालची चटई काढली, टाकीत किती पेट्रोल आहे ते बघितलं. पुन्हा पाटावर. नऊशे तीस. जॅक आणि पान्यांचे पाच किलो कमी झाले, इतकंच. म्हणजे दातवाल्याच्या आकड्यापेक्षा अजूनही पन्नास जास्त. नाही, जॅक धरूनच त्याने आठशे ऐंशी म्हटलं होतं. म्हणजे पंचावन्न.

"काहीतरी राहिलं असेल आत," काटेवाला म्हणाला.

"पंचावन्न किलोचं काय राहील? मागे सीटसुद्धा नाही."

पंचावन्न. एवढाच फरक त्याने पूर्वी कुठेतरी मिटवून टाकला होता.

"साहेब," काटेवाल्याचा आवाज जरा खाली आला. "आकडा हलतोय बघा. तीस, पस्तीस, तीस. आत माणूस चुळबुळ करत असला की असं होतं."

दोघांनी गाडीकडे बघितलं. आवारात वारा नव्हता. काचेतून दोन्ही सीट स्वच्छ दिसत होत्या. शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला होता, आणि तो सीटला टेकलेला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. ताई होती.

"चष्मा झाला माझा. दातवाल्याने सोडलं दुकानापर्यंत, तुझ्याच गाडीने. मी आज पुढे बसले, ऐसपैस."

"पुढे? अकरा वर्षांत कधी बसली नाहीस ती?"

"आज जागा होती," ताई म्हणाली. "डबा खाल्लास का?"

काटेकोरने फोन खिशात ठेवला. तो घाबरला होता, हे त्याने स्वतःशी कबूल केलं. मोजता येईल तेवढं कबूल करायचा त्याचा स्वभाव होता. साडेतीन वाजले होते. पाचनंतर चिठ्ठीचा उपयोग नव्हता, आणि सोमवारी मित्राची गाडी जाणार होती. खोटा आकडा लिहिणं हाताच्या एका फटक्याचं काम होतं. तो हात त्याच्याकडे नव्हता.

तो गाडीपाशी गेला, पाय पाटाबाहेरच ठेवून. शेजारचं दार उघडलं. पट्टा सोडला.

"चला," तो म्हणाला. "उतरू या."

काही झालं नाही.

मग गाडी अगदी थोडी वर उचलली गेली.

"तीसच आहे अजून," खिडकीतून आवाज आला.

पाटावरची बारीक वाळू करकरली. एकदा. दोनदा.

"आठशे पंच्याहत्तर," काटेवाला म्हणाला.

जॅक आणि पाने परत ठेवले. आठशे ऐंशी. चिठ्ठी निघाली. काटेकोरने दातवाल्याला फोन केला. "चिठ्ठी झाली. ती न्यायला तूच ये. माझी गाडी घेऊन ये."

"अरे, खुर्चीत माणूस तोंड उघडून बसलाय!"

"मिटायला सांग."

तो आवारातल्या बाकावर बसला, एका कडेला. आपण एका कडेला का बसलो ते त्याला कळलं होतं. भीती होतीच, पण मान खाली घालून बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, अकरा वर्षं पावसापाण्यात, पंक्चरमध्ये, ऑफिसातल्या सगळ्या कटकटी मोठमोठ्याने सांगताना, आपण कधीच एकटे नव्हतो. आणि ही सोबत इथे धुळीत टाकून जायची?

काटेवाल्याने चहा आणला. दोन कप.

"तू घेतोस?"

"नाही, माझा झाला." काटेवाल्याने दुसऱ्या कपाकडे बघितलं. "तुम्ही दोन म्हणालात ना?"

काटेकोर दोन म्हणाला नव्हता. त्याने कप शेजारी ठेवला.

सव्वाचारला दातवाला आला तो हातवारे करतच. "काय केलंस रे गाडीला? पिसासारखी चालते! दुसरा गिअर मागायच्या आधी पडतो. आणि ती टिंग टिंग बंद झाली."

राखाडी गाडी पाटावर उभी होती. काटेवाल्याने न विचारता आकडा सांगितला. सातशे चाळीस. अगदी कंपनीच्या पुस्तकाबरहुकूम.

काटेकोरने शेजारचं दार उघडलं. डबा खाली ठेवला. जरा थांबला, एखाद्याला चढायला वेळ लागतो तेवढा. पट्टा लावला.

"चला, निघू या."

खिडकीत काटेवाल्याने आकडा दोनदा वाचला. मग म्हणाला, "डब्यात काय आहे, साहेब?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने खिडकी लावून घेतली.

चिठ्ठी पाचला दहा मिनिटं असताना पोचली. रविवारी पिवळी गाडी डोंगर चढली आणि सतरा जणांत अकरावी आली. दातवाल्याने पेढे वाटावेत असा काही चेहरा केला की बायको हसली आणि गाडी वाचली. बाकावरच्या कपाचं मात्र काटेकोरने कुणाला सांगितलं नाही. निघताना त्याने तो उचलला होता, आणि तो रिकामा होता.

सोमवारी सकाळी ताईला बँकेत सोडायचं होतं. काटेकोर शेजारचं दार धरून उभा राहिला. "पुढे बसतेस?" त्याने मुद्दाम विचारलं. ताईने पुढच्या सीटकडे एकदा नव्या चष्म्यातून बघितलं, मान हलवली, आणि मागचं दार उघडून बसली.

गाडी पुन्हा जड झाली होती. दुसरा गिअर रुसला, काचेला टेकू द्यावा लागला. काटेकोरला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. चाळीसच्या वेगाने, कडेकडेने, ते मोठ्या चौकापर्यंत आले. सिग्नल लाल होता.

"ती म्हणतेय, आज जरा जोरात घे," ताई म्हणाली.

काटेकोरने आरशात बघितलं. ताई पदराने चष्मा पुसत होती.

"कोण म्हणतंय?"

"हिरवा लागला बघ," ताई म्हणाली.