कानामागची गळती

कारखान्यात त्याला सगळे वैद्य म्हणत. फ्रिजच्या मागे बसणाऱ्या तांब्याच्या नळ्यांची नाडी तपासणं, हे त्याचं एकतीस वर्षांचं काम. नळीत हेलियम भरायचा आणि गळतीयंत्राची बोटभर सोंड प्रत्येक जोडावरून सावकाश फिरवायची. पाणीच काय, हवाही अडेल अशा फटीतून हेलियम निसटतो, आणि तो निसटला की यंत्र किरकिरतं. कामगार यंत्राला कुत्रं म्हणत. वैद्यांचं कुत्रं भुंकलं की नळी बाजूला. फुग्यातला वायू इतक्या कामाचा असतो, हे त्याच्या बायकोला कधी खरंच वाटलं नाही.

तिचं वजन उतरू लागलं तेव्हा दोघांनी थट्टाच केली. फुकटात बारीक झाले, असं ती शेजारणीला सांगायची. पण ती बारीक झालीच नव्हती. जेवण पूर्वीसारखं, गाल भरलेले, ब्लाउज घट्टच. काटा तेवढा आठवड्याला दोन किलो खाली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले, आणि शेवटी दवाखान्यातला वजनकाटाच बदलला. नव्या काट्याने आणखी कमी दाखवलं.

मग तिचा आवाज चिरका होत गेला. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, पुरे नाटकं, नीट बोल." त्यानंतर बायकोने फोन घेणंच सोडलं.

वैद्याला तो आवाज ओळखीचा होता. कारखान्यात नवा माणूस आला की कोणीतरी हेलियमचा घोट घेऊन अगदी असंच बोलून दाखवायचं आणि सगळे पोट धरून हसायचे.

एका रविवारी दुपारी, ती झोपलेली असताना, त्याने कारखान्यातून आणलेलं यंत्र पिशवीतून बाहेर काढलं. स्वतःचीच लाज वाटत होती. कपाळापासून सुरुवात केली. डाव्या कानामागे ते किरकिरलं.

कपड्याला चिकटलेला वायू भल्याभल्यांना फसवतो. म्हणून त्याने शर्ट बदलला, हात धुतले, खिडक्या उघडून पंखा लावला. पुन्हा तीच जागा, तेवढीच किरकिर. कातडी मात्र अखंड होती.

आधी भरल्याशिवाय गळत नाही. हिच्यात कोणी भरला, हा प्रश्न त्याच्या मनात आला. तो त्याने तिथेच सोडला.

ती जागी झाली. "अहो, काय करताय?"

"काही नाही गं. जरा मलम लावतो."

मलम कसलं, कारखान्यातली फटी बुजवायची काळी लांबी होती ती.

तीन दिवस वजन हललं नाही. तिसऱ्या संध्याकाळी ती भांडी लावता लावता गुणगुणली, तेव्हा तो दाराआड उभा राहून ऐकत राहिला. चौथ्या दिवशी यंत्र कोपरावर किरकिरलं. मग टाचेवर. मग दोन बरगड्यांच्या मध्ये. एक बुजवावं तर दुसरं. त्याने रजा टाकली. यंत्र परत करा म्हणून साहेबांचे दोन फोन आले, ते त्याने उचलले नाहीत. आरशात पाठ बघून ती म्हणाली, बिबट्या केलात की हो माझा.

नळी पाचाहून जास्त ठिकाणी गळू लागली तर दुरुस्त करायची नाही, भंगारात टाकायची. कारखान्यात हा नियम त्यानेच घालून दिला होता.

"पुरे झालं आता," ती म्हणाली.

"आणखी एक डबा आणतो."

त्याने आणला. तोही संपला.

शनिवारी सकाळी तिला खुर्चीत बसवून त्याने पलंगावर धुतलेली चादर घातली. ती उठली, आडवी झाली. त्याने सोंड डोक्यापासून पायापर्यंत फिरवली.

यंत्र गप्प होतं.

पुन्हा फिरवली. गप्प.

"थांबलं का हो?" आवाज डासाच्या गुणगुणीएवढा उरला होता.

"थांबलं."

"बघा. उगीच नाही तुम्हाला वैद्य म्हणत."

रिकामी झालेली नळीही अशीच गप्प असते. तिचा हात धरायला त्याने हात पुढे केला, आणि वाटेतच थांबवला.

धुतलेल्या चादरीवर मधोमध इस्त्रीची घडी उभी होती. ती बरोबर त्या घडीवरच पाठ टेकून हसत होती, आणि घडी मोडलेली नव्हती.