नार्डो तियोचं वायफाय

"उपट केबल," मी जोव्हीला म्हणालो.

तिने लॅपटॉपची केबल उपटली. पडद्यावर बातम्या देणारी बाई क्षणभरही अडखळली नाही. वायर गेली की माझ्या फोनचं वायफाय, वायर आली की परत वायर, सगळं आपोआप! मी टाळीच वाजवली. सकाळीच नार्डो तियोला, आमच्या मामाला, पुरून आलेल्या घरात ते शोभलं नाही, पण आनंद आवरेना. फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलोत वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि जोव्हीची, माझ्या बहिणीची, नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत आजच होती. संपर्क तुटला की उमेदवार बाद, असं कंपनीने बजावलं होतं.

स्वयंपाकघरात नानाय, आमची आई, धुसफुसत होती. "दफनभूमीतून थेट घरी येतं का कुणी? वाटेत बेकरीत थांबून पाव खाल्ला असता तर काय बिघडलं असतं? आता आला तो मागोमाग, तर?"

"येऊ दे की, नानाय. तुझाच तर भाऊ!"

तियो शेजारीच राहायचा. आमचं इंटरनेट बंद पडलं की फोन उंचावत दारात हजर. "घ्या रे माझं!" तो फोन त्याच्याच हट्टाने शवपेटीत ठेवला. बूट मात्र रिवाजाप्रमाणे काढून घेतले. मेलेल्याची पावलं घरात वाजू नयेत म्हणून.

मुलाखत रंगली. मी जोव्हीच्या मागे उभा होतो. समोरची बाई हसत होती.

पंखा थांबला. राउटरचे दिवे विझले.

जोव्ही बोलतच राहिली, बाई हसतच राहिली. जमलं! नाचावंसं वाटलं. मी खिशातून फोन काढला.

त्याचं हॉटस्पॉट बंद होतं. कुणी वापरत नाही म्हणून मघाशीच आपसूक बंद झालेलं.

पडद्याच्या कोपऱ्यात वायफायचं नाव होतं, 'नार्डो'. सिग्नलची एकच रेघ.

मी घाईने माझं हॉटस्पॉट चालू केलं. लॅपटॉप ढिम्म. हाताने तोडावं, तर मुलाखत तुटणार. मी हात मागे घेतला.

दुसरी रेघ उमटली.

जोव्ही कसलासा विनोद सांगत होती.

तिसरी.

"अभिनंदन," बाई म्हणाली.

"मिळाली, मनॉन्ग, मिळाली!" जोव्ही माझ्या गळ्यात पडली. मीही हसत होतो, खरंच हसत होतो. तिच्या खांद्यावरून मला पडदा दिसत होता.

सगळ्या रेघा भरल्या.

मी दाराकडे कान दिला. पावलं वाजली नाहीत.

बूट आम्हीच काढून घेतले होते.